जळणाचे माप

मुंबईच्या इतिहासाची पुस्तके वाचताना एक प्रश्न मला बरीच वर्षे सतावत आला आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले, त्याच सुमारास कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. या सगळ्याच्या तारखा सापडतात, भांडवलाचे आकडे सापडतात, कर्त्या पुरुषांची चरित्रे सापडतात. पण या शहराचा भात कशावर शिजत होता? १८७२च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास होती, १९४१ साली ती पंधरा लाखांच्या घरात गेली. एवढ्या माणसांच्या चुली, बंब, खानावळी, पावाच्या भट्ट्या, धोब्यांच्या इस्त्र्या आणि शेवटी स्मशाने, या सर्वांना रोज जळण लागे. रॉकेलचा स्टोव्ह घरोघरी पोचायला अवकाश होता आणि गॅस तर फार दूर. जळण म्हणजे लाकूड किंवा लोणारी कोळसा.

ते येत असे मुख्यतः ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांतून, गलबतांतून आणि मालगाड्यांतून. शहरात त्याचे ठिकाण म्हणजे वखार. जुन्या पिढीतल्या वाचकांना वखारीतला तो मोठा तराजू, कुऱ्हाडीने फोडलेल्या ढलप्यांचा वास आणि हातगाडीवरून येणारे मणभर सरपण आठवत असेल. वखारीपासून मागे मागे जात आपण कुठे पोचतो, हे पाहण्यासाठी मी वनखात्याचे जुने अहवाल, गॅझेटियर, चौकशी समित्यांची कागदपत्रे आणि काही आत्मकथने वाचत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. जळणाच्या धंद्यातला जवळजवळ प्रत्येक झगडा हा शेवटी मापाचा झगडा होता. लाकूड कोणी तोडले याबद्दल सहसा वाद नसे. किती तोडले, हे कोण ठरवणार, यावर सगळे अडत असे.

कूप

मराठी सत्तेला जंगलाची चिंता होती, पण ती प्रामुख्याने इमारती आणि जहाजी लाकडाची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात झाडे तोडण्याविषयी जी काळजी दिसते, ती साग, आंबा, फणस यांच्याविषयी आहे. सरपण ही कोणी नोंदवून ठेवावी अशी वस्तू नव्हती. इंग्रजांची सुरुवातही इमारती लाकडापासूनच झाली. दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमले गेले, तेव्हा प्रश्न सागवानाचा होता. पुढे १८७८चा वन कायदा आला, डोंगरच्या डोंगर राखीव झाले. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या खात्यावर ओढलेले कोरडे प्रसिद्धच आहेत. ठाणे जिल्ह्यात नाचणी-भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या-पाला तोडू द्यायचा की नाही, यावरून एवढा असंतोष झाला, की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी खास आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला.

या वादात जंगल कोणाचे, हा प्रश्न होता. पण जंगल राखीव झाल्यावर त्यातले लाकूड बाहेर काढायचे होतेच, आणि ते काढण्याची जी पद्धत बसली तिचे नाव कूप. मूळ शब्द युरोपातला असला, तरी आज तो कोकणातल्या आणि विदर्भातल्या कोणाही जंगल कामगाराचा स्वतःचा शब्द आहे. जंगलाचे क्षेत्र वर्षावार तुकड्यांत वाटायचे आणि दरसाल एकच तुकडा तोडायचा. तोडलेल्या खुंटांना फुटवे येतात, ते वाढू द्यायचे, आणि काही दशकांनी फिरून त्याच तुकड्याची पाळी आणायची. मध्ये मध्ये चांगली झाडे राखून ठेवायची. साग, ऐन, धावडा या झाडांचे खुंट चांगले फुटतात, म्हणून जळणाच्या जंगलाला ही पद्धत सोयीची पडली.

कागदावर ही योजना सुबक आहे, आणि जंगल टिकवण्याच्या दृष्टीने अडाणीपणाचीही नाही. पण तिचे नियम अमलात आणायचे ते एका माणसाच्या पाठीने. खुंट जमिनीसरसा ठेवला तर फुटवा खालून, मुळाच्या आधाराने येतो आणि वाऱ्याने मोडत नाही. म्हणून खुंट बुटका हवा. काप तिरका आणि गुळगुळीत हवा, म्हणजे पावसाचे पाणी वरून ओघळून जाते आणि खुंट कुजत नाही. साल फाटता कामा नये. आता कमरेच्या उंचीवर कुऱ्हाड चालवणे आणि वीतभर उंचीवर चालवणे यांत किती फरक आहे, हे ज्याने कधी झाड तोडले आहे त्यालाच कळेल. खाली वाकून तोडताना घाव आडवा घालावा लागतो, पाते दगडाला लागून बोथट होते, आणि निसटले तर सरळ नडगीवर येते. नियम जंगलाच्या भल्याचा होता. त्याला लागणाऱ्या जादा मेहनतीचा दर मात्र वेगळा लावलेला नसे.

कूप लिलावात जाई. ठेकेदार उभ्या लाकडाची किंमत सरकारात भरी आणि ठरल्या मुदतीत माल काढून नेई. त्याच्या हिशेबाकडे नीट पाहिले तर पुढचा सारा इतिहास त्यात दिसतो. लिलावाची रक्कम एकदा बोलली की ठरली. रेल्वेचे भाडे रेल्वे ठरवणार. मुंबईतला भाव बाजार ठरवणार. या तिन्हींवर ठेकेदाराचा हात चालत नाही. त्याच्या हातात राहतात त्या दोनच गोष्टी, मजुरीचा दर आणि मजुरीचे माप. लिलावात चढाओढ करून जेवढी बोली वाढेल तेवढा भार या दोहोंवर येणार, हे उघड आहे.

रास

इमारती लाकडाचे माप सोपे आहे. ओंडक्याचा घेर आणि लांबी घेतली की घनफूट निघतात. जळणाचे तसे नाही. वाकड्यातिकड्या फांद्या, खुंटाचे तुकडे, फाटे यांची एकेकाची मोजणी कोण करणार? म्हणून जळण ठरावीक लांबीचे तोडून रचतात आणि राशीची लांबी, रुंदी, उंची मोजतात. विदर्भात अशा राशीला बीट म्हणतात.

पण राशीत लाकूड असते तशी हवाही असते. सरळ, फोडलेले लाकूड मन लावून रचले तर एक घनमीटर राशीत सुमारे ६० ते ७० टक्के लाकूड भरते, बाकी पोकळी. वाकड्या फांद्या असतील तर लाकूड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली जाते. रचणाऱ्याच्या हाताप्रमाणे त्याच लाकडाची रास मोठी किंवा लहान होते. म्हणून मोजणारा गच्च रचायला लावतो, पोकळीत बारीक फाटे ठोसायला लावतो. शिवाय लाकूड वाळताना आकसते आणि रास बसते, म्हणून ती मुळातच थोडी चढी रचून घेण्याची पद्धत आहे. जव्हार-मोखाड्याकडे फिरताना जुन्या मजुरांनी मला हे हाताने करून दाखवले. मोजपट्टी राशीच्या सर्वांत बसक्या जागी लावायची की मध्यावर, एवढ्यानेही दिवसाच्या मेहनतीचा काही हिस्सा इकडचा तिकडे होतो.

वजनाने मोजले तर हवा जाते, पण पाणी येते. ताज्या तोडलेल्या १०० किलो लाकडात ४० ते ५० किलो पाणीच असते. तेच लाकूड काही महिने मोकळ्या हवेत वाळले की जेमतेम ६५ किलो भरते. याचा अर्थ असा, की ओले लाकूड खांद्यावरून दरीतून वर आणणारा माणूस तिसरा हिस्सा नुसते पाणी वाहत असतो. मजुराला माप मिळायचे ते लाकूड वाळल्यावर मिळाले, तर त्या पाण्याच्या ओझ्याची मजुरी बुडते. उलट वखारीतल्या गिऱ्हाइकाला ओले लाकूड विकले, तर पाण्याचेही पैसे वसूल होतात. माप कधी घ्यायचे, हे माप कसे घ्यायचे याइतकेच महत्त्वाचे आहे.

आणि वजनाचे परिमाण तरी एक होते का? मुंबईचा मण साधारण २८ पौंडांचा होता, रेल्वेचा मण सव्वाब्याऐंशी पौंडांच्या थोडा वर. शब्द एकच, वजन जवळजवळ तिप्पट. ज्या मजुराला अक्षरओळख नाही त्याला कोणत्या मणाने मोजले, हे त्याने कसे पडताळायचे? दशमान वजने-मापे कायद्याने आली ती १९५६ नंतर, टप्प्याटप्प्याने.

कोळशाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. चाळीच्या एका खोलीत लाकूड पेटवले तर धुराने राहवत नाही, म्हणून मुंबईला शेगडीसाठी लोणारी कोळसा हवा असे. तो हलका, तेव्हा वाहतुकीलाही स्वस्त. लाकूड रचायचे, पाल्याने आणि मातीने लिंपायचे, आत विस्तव सोडायचा आणि कित्येक दिवस-रात्री राखण करायची. आधी पांढरा दाट धूर येतो, ती लाकडातली वाफ. मग तो पिवळट होतो, आणि शेवटी पातळ निळसर झाला की भट्टी बंद करायची वेळ. मध्येच माती तडकली आणि हवा शिरली तर सकाळी कोळशाऐवजी राख हाती येते. वाळलेल्या पाच-सहा किलो लाकडातून एक किलो कोळसा निघतो. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीतच उडून जाते. शहराची खोली बिनधुराची राहावी यासाठी जंगलात दुपटीने झाडे तुटत, आणि धूर जात असे तो भट्टीवर जागणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या डोळ्यांत. या जमातीचे नावच खैराच्या लाकडापासून काढलेल्या काथावरून पडलेले. काथाचा व्यवसाय गेल्यावर कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरी करणे त्यांच्या वाट्याला आले. भट्टीची मजुरी निघालेल्या कोळशावर ठरली, की राख झालेल्या भट्टीचा तोटा आपोआप मजुराच्या अंगावर पडतो.

उचल

इतके असून माणसे या कामाला जात का? याचे उत्तर दिनदर्शिकेत आहे. ठाण्याच्या डोंगरी भागात पीक एकच, पावसाळी. भात-नाचणी घरात येते ती कार्तिकाच्या सुमारास, आणि खंडाची, कर्जाची फेड होता होता उन्हाळ्याआधीच कणगी रिकामी होते. कुपाचे काम नेमके दिवाळीनंतर सुरू होऊन पाऊस पडेपर्यंत चालते. हंगामाआधी, पोटात काही नसताना, ठेकेदाराचा माणूस पाड्यावर येऊन उचल देतो. पावसाळ्यात खायला घेतलेली खावटी, लग्नासाठी घेतलेले कर्ज, आणि कुपावर मीठ-मिरची, तांदूळ यांचे जे उधार चालते ते, या सर्वांची वजावट शेवटच्या हिशेबात होते. तो हिशेब ठेवणाराच रास मोजणारा असतो. दर थोडा वाढवून दिला तरी माप थोडे कमी धरले, की जमाखर्च जागच्या जागी.

१९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर मुंबई इलाख्यातल्या आदिवासी आणि डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्याचे काम डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे आले. त्याचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. सरकारी अधिकाऱ्याच्या कोरड्या भाषेत सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या पकडीचे त्यात जे वर्णन आहे, ते आजही वाचताना अस्वस्थ करते. लग्नासाठी शे-दोनशे रुपये घेऊन आयुष्यभर मालकाकडे राबणारा लग्नगडी त्यात आहे, वेठ आहे, आणि नाममात्र मजुरीवर चाललेले जंगलातले कामही आहे.

याच्या काही वर्षे आधी, १९३०च्या जंगल सत्याग्रहात, पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला होता, उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला होता. त्या चळवळीचे मोल कमी नाही. पण तिचा प्रश्न जंगलात जाण्याच्या हक्काचा होता. जे रोजच जंगलात जात होते, ठेकेदाराच्या कुऱ्हाडीने झाडे तोडत होते, त्यांच्या मजुरीचा प्रश्न त्यात सुटण्यासारखा नव्हता.

सव्वा रुपया

तो प्रश्न पेटला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. युद्धामुळे मुंबईत माणसे वाढली होती, इंधनाची टंचाई होती, पेट्रोल नसल्यामुळे मोटारगाड्यासुद्धा लोणारी कोळशाच्या वायूवर चालवल्या जात होत्या. जंगलातल्या मालाला असा भाव क्वचितच आला असेल. उंबरगाव-डहाणू भागातल्या वारल्यांच्या मजुरीत मात्र त्याचे प्रतिबिंब नव्हते.

मे १९४५ मध्ये झरी या गावी वारल्यांची मोठी सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ आणि लग्नगडी बंद करण्याची हाक दिली आणि ती गावोगाव अमलात आली. ही हकिगत गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे मराठी वाचकाला परिचित आहे. त्यापुढच्या लढ्याकडे मी वेगळ्या बाजूने लक्ष वेधू इच्छितो. १९४५च्या पावसाळ्यानंतर वारल्यांनी गवतकापणीचा संप केला. त्यांची मागणी होती, ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये.

हे गवत मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांसाठी जाई. एका अर्थी ते तबेल्यांचे जळणच. माळ त्याच भागातले, कापणारे हात तेच, आणि व्यवहारही जळणासारखाच अंगावर दिलेल्या कामाचा. या मागणीत लोक सहसा अडीच रुपयांकडे पाहतात. मला तिचा पहिला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. किती गवताला अडीच रुपये, हे मजुराने स्वतः आकड्यात सांगितले होते. भारा, ढीग, गाडी असे सैल शब्द बाजूला ठेवून ५०० पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २२७ किलो, असे माप मागणीतच ठोकून बसवले होते. दर वाढवून माप फिरवण्याची जी वाट ठेकेदाराला नेहमी मोकळी असे, ती या एका वाक्याने अडवली.

११ ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. तरी संप टिकला. पुढच्या वर्षी हाच लढा थेट कुपांत शिरला. १९४६च्या शरदात जंगल कामाला किमान रोज सव्वा रुपया मिळावा अशी मागणी झाली आणि ऐन हंगामाच्या तोंडावर कुऱ्हाडी खाली ठेवल्या गेल्या. हंगाम निवडण्यात शहाणपण होते. ठेकेदाराची मुदत ठरलेली असते. पावसाच्या आत माल निघाला नाही तर लिलावात भरलेला पैसा अडकतो. वर्षभर ज्या दिनदर्शिकेने मजुराला बांधले होते, तिनेच आता ठेकेदाराला बांधले. नोव्हेंबरात लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेने सव्वा रुपयाचा दर मान्य केला.

सव्वा रुपया रोज, या मागणीतही मापाचाच विचार आहे. रोज म्हटले की रास, ओल, पोकळी, कोणता मण, हे सारे प्रश्न बाजूला होतात. माणूस दिवसभर कामावर होता की नाही, एवढेच पाहायचे राहते, आणि ते पाहायला मोजपट्टी लागत नाही, सूर्य पुरतो. अंगावर काम घेऊन ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला, त्यांनी रोजाचा आग्रह धरावा यात आळस शोधणाऱ्यांनी एकदा राशीच्या बसक्या जागी मोजपट्टी लावून पाहावी.

या विजयाची किंमत मोठी पडली. परुळेकरांसह नेत्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. हे सर्व घडले ते खेरांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या काळात.

सोसायटी

आणि त्याच मंत्रिमंडळाने त्याच सुमारास एक वेगळा प्रयोगही सुरू केला, हे विसरता येत नाही. खेरांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली होती. १९४७पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. ठेकेदाराला लिलावात न देता कूप थेट मजुरांच्या सोसायटीला द्यायचे, तिला सेवाभावी संस्थेचे किंवा कार्यकर्त्यांचे मार्गदर्शन असायचे, आणि नफा सभासदांच्या उपयोगी पडायचा, अशी ती कल्पना. भारतात या चळवळीचा पाया महाराष्ट्र-गुजरातच्या या पट्ट्यात घातला गेला आणि पुढे इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले.

या संस्थांबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. मला दोन्ही अपुरी वाटतात. ठेकेदाराची उचल आणि तिच्यामागून येणारी दंडेली यांना पहिला खरा पर्याय सोसायट्यांनी दिला. मजुरीचे दर लिहून ठेवले जाऊ लागले. काही ठिकाणी आश्रमशाळा, दवाखाने यांना या नफ्याचा आधार मिळाला. दुसरीकडे, लिहिता-वाचता येणारा माणूस सोसायटीतही बहुधा बाहेरचाच होता. चिटणीस, व्यवस्थापक, मोजणीदार ही पदे त्याच्याकडे गेली. सभासद म्हणून ज्याचा अंगठा नोंदवहीत होता, तो कुपावर पूर्वीसारखाच मजूर राहिला. मोजपट्टी ठेकेदाराकडून सोसायटीकडे आली, तोडणाऱ्याच्या हाती मात्र क्वचितच पोचली. जिथे सभासदांना मोजणी शिकवली गेली आणि रोज संध्याकाळी राशीचे माप सर्वांसमोर उच्चारले गेले, तिथे सोसायटीला अर्थ आला. एरवी तिची पाटी तेवढी वेगळी.

एक गोष्ट कोणत्याही व्यवस्थेत बदलली नाही. पुरुष झाड पाडतो, बायको फांद्या साळते, मुले फाटे गोळा करतात, आणि तिघे मिळून रास रचतात. माप कुटुंबाच्या कष्टांचे, पण नोंद पुरुषाच्या नावाची. जळणाच्या इतिहासातला अर्ध्याहून अधिक श्रम असा नोंदीबाहेर राहिला आहे. कुपाबाहेर, डोक्यावर २०-३० किलोची मोळी घेऊन बाजाराच्या वा स्टेशनच्या वाटेने उतरणाऱ्या बाईचा हिशेब तर कुठल्याच वहीत नाही.

उरलेले जळण

पुढे शहराचीच भूक बदलली. रॉकेल आले, भुश्श्याच्या शेगड्या आल्या आणि गेल्या, गॅसच्या टाक्या आल्या. वखारी एकेक करून इमारतींच्या पोटात गेल्या. जंगलाविषयीचे धोरणही बदलत गेले. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर आणि १९८८च्या राष्ट्रीय वननीतीनंतर जंगल हे महसुलाचे साधन मानणे मागे पडले. १२ डिसेंबर १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी तोड थांबली. झाडांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण ज्या पाड्यांना दिवाळी ते होळी एवढेच रोजगाराचे दिवस होते, त्यांना पर्याय म्हणून वीटभट्टी, रेतीचे काम आणि मुंबईची बांधकामे उरली. तिथेही उचल आहे, अंगावरचे काम आहे, हजार विटांचे माप आहे.

२००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर झुडपी लाकूड आणि खुंट यांचाही समावेश झाला, याची फारशी चर्चा झाली नाही. राबासाठी फांद्या तोडाव्यात की नाही यावर १८८५ साली आयोग बसला होता. त्याच भागात आज ग्रामसभेला अशा लाकडाचे व्यवस्थापन कायद्याने करता येते. मेंढा-लेखासारख्या गावांनी बांबूच्या बाबतीत ते करून दाखवले, आणि मोजणी, वाहतूक परवाना, विक्री हे सारे गावाच्या हाती आले. सोसायटीच्या काळी जे राहून गेले होते, ते हेच.

शहरात जळण अजून पुरते संपलेले नाही. एका चितेला सुमारे ३०० किलो लाकूड लागते, आणि विद्युतदाहिन्या असूनही बरीच कुटुंबे लाकूडच मागतात. पावाच्या जुन्या भट्ट्या लाकडावर चालत आल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती पावाच्या चवीची, भावाची आणि शहराच्या हवेची. या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. तो धूर शहराच्या बाहेर ज्यांनी दीडशे वर्षे खाल्ला, त्यांचा उल्लेख मात्र मला कुठे आढळला नाही.

वनखात्याच्या जुन्या अहवालांत दरवर्षी किती घनफूट इमारती लाकूड आणि किती जळण निघाले, याचे तक्ते अतिशय काटेकोर असतात. अपूर्णांकसुद्धा सुटलेला नसतो. ते लाकूड काढायला किती माणसे, किती दिवस लागले, त्यांतल्या बायका किती, नडगीवर कुऱ्हाड बसून किती जण घरी बसले, यांसाठी त्या तक्त्यांत रकानाच नाही. तो रकाना आता भरता येणार नाही. पण यापुढे कोणी जंगलाच्या उत्पन्नाचे आकडे मांडले, तर मोजपट्टी कोणाच्या हातात होती एवढे आपण विचारू शकतो.